चित्र कुणी काढलं ते कळलं, पण घेतलं कुणी?



पीएचडीला नोंदणी झाल्यानंतरचं माझं पहिलं सादरीकरण मला अजून आठवतं. विषय होता स्वातंत्र्यानंतरची मुंबईतली आधुनिक चित्रकला. स्लाइड्स झकास होत्या. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप कसा स्थापन झाला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे हे सहा जण कसे एकत्र आले, १९४९च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये त्यांनी काय भूमिका मांडली, सगळं तोंडपाठ होतं. बोलून झाल्यावर समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "ही चित्रं घेत कोण होतं?"

मी म्हणाले, "रसिक लोक."

"कोण रसिक? किती जण? त्यांना ही चित्रं कुठे दिसली? पैसे कुठून आणले? आणि घरात लावायला हीच चित्रं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण आज माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्या एका प्रश्नावर उभी आहेत. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून हा लेख. कलेचा इतिहास हा तुमचा विषय नसला तरी वाचा. साहित्य, नाटक, हस्तकला, कुठल्याही विषयात "हे घेत कोण होतं" असं विचारता येतं.

आधी एक ताजं उदाहरण

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर्सना गेलं. रुपयांत ११८ कोटींच्या आसपास. आपल्या वर्तमानपत्रांनी आकडा मथळ्यात छापला आणि विषय संपवला. पण संशोधकानं आकड्यापाशी थांबायचं नसतं, मागे जायचं असतं.

हे चित्र १९५४ सालचं. जवळपास चौदा फूट लांब, त्यात खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे. त्याच वर्षी ते विकत घेतलं लिओन एलियास व्होलोदार्स्की या नॉर्वेतल्या डॉक्टरांनी. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी, छातीच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण उभं करायला दिल्लीत आले होते. जाताना चित्र घेऊन गेले. १९६४ मध्ये ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं आणि कित्येक दशकं तिथेच भिंतीवर राहिलं. भारतातल्या अभ्यासकांच्या नजरेला ते पडणं शक्यच नव्हतं.

आता विचार करा. १९५४ साली हुसेन यांचं नाव आजच्यासारखं मोठं नव्हतं. सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरण्याचे दिवस मागे पडून फार काळ झाला नव्हता. अशा वेळी चौदा फुटी चित्र घेणारा कोण, तर परदेशातून काही काळासाठी आलेला सर्जन. चित्रांचा धंदा करणारा नाही, संस्थानिक नाही, गिरणीमालकही नाही. हा योगायोग होता की यामागे काही पद्धत होती? माझं म्हणणं असं की पद्धत होती. ती समजायची तर थोडं मागे जावं लागेल.

आधीचा बाजार कसा होता

मुंबईत चित्रं विकली जात नव्हती असं अजिबात नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. तिची वार्षिक प्रदर्शनं भरायची, पदकं मिळायची, पदक मिळालं की चित्रकाराला कामं मिळायची. कामं म्हणजे मुख्यतः व्यक्तिचित्रं. संस्थानिकांचे दरबार, नगरपालिकांचे हॉल, शेठजींचे दिवाणखाने, शाळा-कॉलेजांची सभागृहं, या सगळ्यांना हुबेहूब चेहरा रंगवणारा माणूस हवा असे. सर जे. जे. स्कूलमधून शिकून निघालेल्या पिढ्यांनी या कामावर घरं चालवली आणि त्यातले काही फार मोठे चित्रकार होते.

या बाजाराचा एक नियम लक्षात घ्या. गिऱ्हाईक आधी, चित्र नंतर. कुणाचं चित्र, केवढं, कुठे लागणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असे.

१९४७ नंतर दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. संस्थानं विलीन झाली, म्हणजे सर्वात मोठा आश्रयदाता दोन-तीन वर्षांत बाजारातून उठला. आणि त्याच वेळी सहा तरुण अशी चित्रं काढायला लागले की ज्यात चेहरा हुबेहूब नव्हता, रंग निसर्गातला नव्हता आणि विषय कुणी सांगितलेला नव्हता. आता चित्र आधी होतं आणि गिऱ्हाईक शोधायचं होतं. "आम्ही विषयात आणि तंत्रात पूर्ण स्वतंत्र" असं म्हणणं सोपं आहे. महिन्याअखेरीस खोलीचं भाडं कोण देणार?

तयार नजरेचे लोक

इथे मुंबईचा एक वेगळा इतिहास मदतीला येतो. १९३०च्या दशकात नाझी राजवटीच्या धास्तीनं किंवा छळामुळे जर्मनी-ऑस्ट्रियातून निघालेली काही माणसं मुंबईत येऊन राहिली. त्यातली तीन नावं तुम्हाला या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात भेटतील.

पहिले रुडॉल्फ फॉन लायडन. शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ, १९३३ साली मुंबईत आले, जाहिरात-प्रसिद्धीच्या क्षेत्रात काम केलं आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहिली. दुसरे वॉल्टर लँगहॅमर. व्हिएन्नाचे चित्रकार, पत्नी ज्यू. मुंबईत ते 'टाइम्स'चे कलासंचालक झाले. नेपिअन सी रोडवरच्या त्यांच्या स्टुडिओत रविवारी तरुण चित्रकार जमायचे. तिसरे इमॅन्युएल श्लेसिंजर. तेही व्हिएन्नाचे. तिथला चित्रसंग्रह मागे टाकून आले, मुंबईत औषधांचा कारखाना काढला आणि पुन्हा चित्रं घ्यायला लागले. या वेळी इथल्या तरुणांची.

ही माणसं दयाळू होती म्हणून त्यांनी गरीब चित्रकारांना मदत केली, अशी गोष्ट तुम्ही वाचली असेल. मीही सादरीकरणात असंच काहीतरी बोलले होते. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. खरा मुद्दा नजरेचा आहे. या लोकांनी युरोपात एक्स्प्रेशनिस्ट चित्रकला पाहिली होती. त्याच चित्रकलेला हिटलरच्या सरकारनं 'अधःपतित' ठरवून १९३७ साली म्युनिकला तिचं टिंगल करणारं प्रदर्शन भरवलं होतं. वाकडे चेहरे, भडक रंग, जाड काळ्या रेषा ही श्लेसिंजर यांच्यासारख्या माणसाला कुरूप वाटणं शक्य नव्हतं. ती त्यांच्या हातून गेलेल्या घराची भाषा होती. मुंबईच्या एखाद्या शेठला सूझांचं चित्र समजावून सांगायला दहा वर्षं लागली असती. यांना समजावायची गरजच नव्हती.

तेव्हा पहिलं निरीक्षण लिहून ठेवा: वेगळ्या प्रकारच्या कामाला मोठा बाजार लागत नाही. मोजकी, पण आधीच नजर तयार असलेली माणसं लागतात. ती कुठे आहेत हे शोधणं आणि त्यांच्यापर्यंत काम पोचवणं, एवढीच सुरुवात असते.

फ्रेमवाल्याचं दुकान

पण काम पोचवायचं कसं? १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली, त्याआधी मुंबईत तरुण चित्रकाराला कमी खर्चात भिंत मिळणं अवघड होतं. वर्षभर चित्रं मांडून विकणाऱ्या खासगी गॅलऱ्या तर त्याहून उशिरा आल्या. बाल छाबडा यांची 'गॅलरी ५९' १९५९ची, केमोल्ड आणि पंडोल या दोन्ही १९६३च्या.

मधल्या काळात हे काम फ्रेमच्या दुकानानं केलं. केकू गांधी हे पारशी तरुण केंब्रिजला शिकत होते. सुट्टीत घरी आले आणि महायुद्धामुळे परत जाता आलं नाही. युद्धामुळेच मुंबईत अडकलेल्या रॉजर व्हान डॅम नावाच्या बेल्जियन माणसाशी गाठ पडली आणि त्यातून १९४१ साली फ्रेम बनवायचा कारखाना निघाला, त्याचं नाव केमोल्ड. पुढे प्रिन्सेस स्ट्रीटला शोरूम झाली. फ्रेम दाखवायची तर आत काहीतरी लावायला हवं, म्हणून तरुण चित्रकारांची चित्रं तिथे लागायला लागली.

हे वरवर किरकोळ वाटतं. पण फ्रेमवाल्याला काय काय माहीत असतं, बघा. कुणाच्या घरी किती भिंती आहेत, कुणी नवीन फ्लॅट घेतलाय, कोण फ्रेमवर किती खर्च करतो, कोण बिल वेळेवर देतो. संग्राहकांची यादी कुठल्याही गॅलरीच्या आधी त्याच्या बिलबुकात तयार असते. शिवाय चित्राला चांगली चौकट बसली की अनोळखी चित्रही 'घरात लावण्याजोगं' दिसायला लागतं. पंडोल गॅलरीच्या काली पंडोल यांचा मूळ धंदाही फ्रेमचाच. मुंबईतल्या दोन महत्त्वाच्या गॅलऱ्या फ्रेमच्या धंद्यातून निघाल्या, हा निव्वळ अपघात म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही.

आता हे सगळं एका ओळीत मांडा. लँगहॅमर यांच्याकडे चित्रकार आणि रसिक भेटतात, फॉन लायडन त्यावर लिहितात, केकू गांधी फ्रेम करून दुकानात लावतात, श्लेसिंजर विकत घेतात आणि आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवतात. पाहुण्यांपैकी एखादा पुढच्या प्रदर्शनाला येतो. यात जाहिरात कुठेही नाही. विश्वासाच्या माणसानं विश्वासाच्या माणसाला सांगितलं, एवढंच आहे. दिल्लीला आलेल्या नॉर्वेजियन सर्जनपर्यंत हुसेन नेमके कुणामार्फत पोचले याचा कागद माझ्या हाताशी नाही, पण अशा चित्राला अशा वेळी असाच गिऱ्हाईक मिळाला याचं आश्चर्य आता तुम्हाला वाटणार नाही.

संस्था येतात तेव्हा

व्यक्तींची ही साखळी फार तर काही चित्रकारांना जगवू शकते. दुसऱ्या टप्प्यात संस्था आल्या. त्यातल्या दोन आपल्या मुंबईतल्या.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा हे समीकरण तुम्हाला विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत आहे. भाभा स्वतः उत्तम चित्रं काढत. संस्थेच्या खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी, असं धोरण त्यांनी नेहरूंच्या संमतीनं ठेवलं आणि १९५०च्या दशकापासून संस्थेनं मुंबईच्या चित्रकारांची कामं पद्धतशीर घेतली. कुलाब्याच्या इमारतीत हुसेन यांचं 'भारत भाग्यविधाता' हे भलंमोठं भित्तिचित्र आजही आहे. अणुभौतिकीची प्रयोगशाळा हे आधुनिक चित्रांचं गिऱ्हाईक असू शकतं, हे त्या काळी चित्रकारांना तरी सुचलं असतं का?

दुसरी एअर इंडिया. १९५६ साली कंपनीनं बी. प्रभा या तरुण चित्रकर्तीची सहा चित्रं घेतली. छापून आलेला आकडा आहे प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपये. प्रभा नागपूरकडच्या बेला गावच्या, नागपूर आणि मग जे. जे.त शिकलेल्या, पती बी. विठ्ठल शिल्पकार. दोघं हाताशी फार पैसे नसताना मुंबईत आलेले. एअर इंडियाला आपली जगभरची बुकिंग ऑफिसं 'भारतीय' दिसायला हवी होती आणि प्रभांच्या उंच, सडपातळ, कष्टकरी बायका त्यात चपखल बसल्या. इथे गिऱ्हाईकाची गरज वेगळी आहे हे ओळखा. श्लेसिंजर यांना ओळखीची भाषा हवी होती, भाभांना आधुनिक देशाची आधुनिक भिंत, आणि एअर इंडियाला परदेशी प्रवाशासमोर ठेवायचा चेहरा. 'खरेदी' या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कारणं आहेत. तुमच्या प्रबंधात ती वेगळी करून दाखवा. तिथेच तुमचं विश्लेषण सुरू होतं.

एकाच गिऱ्हाईकाचा आधार

साळगावचे सूझा १९४९ साली लंडनला गेले. पहिली काही वर्षं हलाखीची. १९५५ साली व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमधलं प्रदर्शन यशस्वी झालं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला हॅरल्ड कोव्हनर हे श्रीमंत अमेरिकन भेटले. व्यवहार साधा होता: कोव्हनर नियमित पैसे देणार, सूझा चित्रं देणार. साधारण चार वर्षं, १९६०पर्यंत, हे चाललं. सूझांची पुष्कळशी गाजलेली कामं याच काळातली आहेत.

यावरून "खरा संग्राहक भेटला की कलाकार मोकळा होतो" असं लिहायचा मोह होईल. जरा थांबा. एकाच गिऱ्हाईकावर घर चालत असेल तर ते गिऱ्हाईक थांबल्यावर काय? आणि काढलेलं सगळं एकाच घरात गेलं तर बाकीच्या जगाला ते दिसणार कधी? जे 'ग्रामयात्रा'चं ओस्लोत झालं, तेच इथेही होऊ शकतं.

दुसरं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या चेस्टर आणि डेव्हिडा हरविट्झ या दांपत्याचं. पर्सेस आणि फॅशनच्या वस्तूंचा व्यवसाय, भारतात वारंवार येणं, हुसेन यांच्यापासून सुरुवात आणि मग पुढच्या पिढीतल्या चित्रकारांपर्यंत. त्यांनी एकेक नाही, ढिगानं चित्रं घेतली, तीही अशा काळात जेव्हा परदेशात भारतीय आधुनिक चित्रांना विचारणारं फारसं कुणी नव्हतं. मग १९९५ साली सदबीजनं न्यूयॉर्कला त्यांच्या संग्रहातल्या चित्रांचा लिलाव केला. भारतीय आधुनिक कलेच्या लिलावबाजाराची सुरुवात सांगताना हा लिलाव हटकून येतो. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग नंतर सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे: २००५ साली तैयब मेहतांच्या 'महिषासुर'नं दहा लाख डॉलर्स ओलांडले, २०१३ साली मुंबईतल्या लिलावात गायतोंडे यांचं चित्र २३ कोटींच्या वर गेलं.

म्हणजे आज ज्यांना आपण 'महत्त्वाचे चित्रकार' म्हणतो, त्या यादीवर काही थोड्या घरांतल्या निवडींचा ठसा आहे. हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. माझ्या प्रबंधातला सर्वात अवघड भाग तोच आहे.

ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही

सुरुवातीच्या सहा नावांकडे परत या. हुसेन, रझा, सूझा ही तीन नावं कुणीही सांगतं. आरा थोडे कमी. गाडे आणि बाक्रे? माझ्या वर्गात विचारलं तर दोन हात वर होतात.

सदानंद बाक्रे हे गटातले शिल्पकार. शिल्पाचा हिशेब चित्रापेक्षा वेगळा असतो. ब्राँझ ओतायचं तर विक्रीच्या आधी खर्च करावा लागतो, वस्तू जड असते, मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा नसते, बोटीनं पाठवायची तर भाडं परवडत नाही. बाक्रे १९५१ साली लंडनला गेले, तिथे चित्रंही काढू लागले. १९७०च्या दशकात परत आले आणि कोकणात, हर्णैजवळच्या मुरुडला राहिले. २००७ साली गेले तेव्हा पर्यटनाला मुरुडला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं की प्रोग्रेसिव्ह गटाचा एक संस्थापक इथेच राहतो?

हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञान शिकलेले, पेशानं शिक्षक. त्यांची निसर्गचित्रं तुम्ही एकदा पाहा आणि मग मला सांगा की ही बाकीच्यांपेक्षा कुठे कमी आहेत.

आणि सातवं नाव, जे यादीत बहुतेक वेळा नसतंच. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये. जे. जे.च्या सुवर्णपदक विजेत्या. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. त्याच सुमारास त्या बायकांच्या मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत होत्या, त्यातून कपडे आणि कपड्यांतून सिनेमा. भानू अथैया या नावानं 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. २०२०मध्ये त्या गेल्या आणि त्यानंतर त्यांची तरुणपणीची चित्रं लिलावात आली. मधली जवळजवळ सत्तर वर्षं त्या चित्रांना कुणी विचारलं नव्हतं.

आता "गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यांनी चित्रकला सोडली" असं वाक्य तुमच्या हातून निघेल. ते खोडा. एवढा पुरावा आपल्याकडे नाही. सिनेमाचं काम त्यांनी आवडीनं निवडलं असेल. बाक्रेंना एकांत हवा असेल. गाडेंना नोकरीची स्थिरता पुरेशी वाटली असेल. आपण म्हणू शकतो ते इतकंच: ज्यांच्या मागे सातत्यानं घेणारा संग्राहक उभा राहिला, त्यांचं काम जपलं गेलं, छापलं गेलं, पुन्हापुन्हा विकलं गेलं आणि त्यामुळे इतिहासात टिकलं. ज्यांच्या मागे तसा कुणी नव्हता, त्यांच्या गुणवत्तेबद्दल बाजार काहीच सांगत नाही. बाजाराचं मौन म्हणजे कलाकाराबद्दलचा निकाल नव्हे.

तुम्ही काय करायचं

कामाच्या चार गोष्टी सांगते. यातल्या तीन मी चुका करून शिकले.

एक. चित्राची मागची बाजू पाहा. म्युझियममध्ये परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी विनंती केली तर ऐकतात. मागे फ्रेमवाल्याचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, कस्टमचा शिक्का, जुन्या मालकाचं नाव, काहीही सापडतं. मालकीच्या या प्रवासाला कलेतिहासात 'प्रोव्हनन्स' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा चित्राचा सातबारा, आणि प्रत्येक विक्री म्हणजे एक फेरफार. गावाकडची जमीन शोधताना तलाठ्याकडे जशा नोंदी पाहता, तशाच इथे पाहायच्या.

दोन. जुने कॅटलॉग फक्त प्रस्तावनेसाठी वाचू नका. शेवटच्या पानावर किमतीची यादी असते. त्यावर कुणीतरी पेन्सिलनं खूण केलेली असते. ती खूण प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलते.

तीन. संग्राहकाच्या आठवणी सांभाळून वापरा. चाळीस वर्षांनी मुलाखत देताना प्रत्येकाला वाटतं की आपण अमक्याला पहिल्यांदा ओळखलं. त्यांनी घेतलेली पण नंतर न गाजलेली चित्रं कुठे आहेत, हे हळूच विचारा. गाजलेली नावं तेवढीच मोजली तर संग्राहक द्रष्टा वाटतो. सगळी खरेदी मोजली तर तो माणूस वाटतो.

चार. लिलावाचा आकडा हा त्या दिवसाचा पुरावा आहे, १९५०चा नाही. २०२५ची किंमत सांगून १९५४चं महत्त्व सिद्ध होत नाही. परीक्षक हे लगेच पकडतात. मला पकडलं होतं.

आणि एक गृहपाठ. सावंतवाडीच्या गंजिफांचा विचार करा. दशावतारी गंजिफेच्या संचात दहा अवतार आणि एकशेवीस पत्ते. कधीकाळी हे पत्ते खेळायला विकले जात. आज घेणारा ते काचेच्या कपाटात ठेवतो. वर आलेले फॉन लायडन स्वतः गंजिफांचे मोठे संग्राहक आणि अभ्यासक होते. खेळणारा गेला आणि जमवणारा आला, तेव्हा चिताऱ्याच्या हातातल्या कामात काय बदललं असेल? आकार, रंग, बारकावे, की फक्त डबा? यावर एक पान लिहून बघा. नुसती माहिती लिहू नका. कुठला कागद किंवा कुठली वस्तू पाहिली तर हे कळेल, ते लिहा.

त्या सादरीकरणानंतर वर्षभरानं मी पुन्हा त्याच समितीसमोर उभी राहिले. या वेळी सुरुवातीलाच संग्राहकांची यादी दाखवली: नाव, व्यवसाय, कुठून आले, काय घेतलं. सरांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरं. आता मला सांगा, याच काळात या लोकांच्या घरी ज्याची चित्रं गेली नाहीत, असा कोण होता?"

त्याचं उत्तर शोधायला मी पुढच्या महिन्यात मुरुडला जाते आहे.